हरलेल्या रातकिड्यांचा रस्ता

"हा हरला," काकू म्हणाल्या आणि नेलपॉलिशचा ब्रश अलगद टेकवून त्यांनी रातकिड्याच्या पाठीवर एक लाल ठिपका उमटवला. "बघ कसा कोपऱ्यात तोंड खुपसून बसलाय. अगदी तुझ्यासारखा."

मी दुसऱ्या डब्याचं झाकण उघडलं. त्या दिवसांत मी कुणाशीच फारसं बोलत नव्हते.

"तुलाही लावू का एक ठिपका?"

"काकू, दुसरी जोडी सोडू का वाडग्यात?"

"सोड बाई. विषय बदलायचा म्हटला की बरं तोंड उघडतं तुझं."

हे सगळं माईणकर सरांच्या घरामागच्या जुन्या न्हाणीत चाललं होतं. सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि माझ्या पीएचडीचे मार्गदर्शक होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाळवीसाठी औषध फवारलं गेलं तेव्हा आमचे निम्मे रातकिडे वाळवीबरोबर मेले. उरलेले सरांनी घरी आणले आणि काकूंना न विचारता न्हाणीत ठेवले. काकूंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच किड्यांना गाजराचे काप घालू लागल्या आणि महिन्याभरात कोणता किडा खोडकर, कोणता भित्रा हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं. नेलपॉलिशच्या बाटल्याही त्यांच्याच, भाचीच्या लग्नात कुणीतरी दिलेल्या. काकूंनी जन्मात कधी नखं रंगवली नाहीत. लाल रंग हरलेल्यांना आणि मोतिया रंग जिंकलेल्यांना, अशी त्यांनीच वाटणी केली होती.

दोन नर काचेच्या वाडग्यात समोरासमोर सोडले की ते आधी मिशा लढवतात, मग जबडे वासतात, क्वचित एकमेकांना ढकलतात. थोड्याच वेळात एक जण पाठ फिरवतो. दुसरा तिथंच उभा राहून पंख घासत गाणं म्हणतो. हरलेला त्यानंतर पुष्कळ वेळ कुणाशी भांडायला जात नाही. समोर मिशी हलली तरी मागे सरकतो.

मी त्याच अवस्थेत होते. माझं नाव चित्रलेखा इंगवले. वडील, म्हणजे अण्णा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि पोरगी डॉक्टर होणार, पण सुई न टोचणारी, असं सगळ्यांना अभिमानानं सांगत फिरायचे. शिमग्याच्या सुमारास मी आमच्याच कॉलेजात आलेल्या विद्यापीठाच्या समितीपुढे पहिल्यांदा उभी राहिले. समितीत पुण्याच्या देवस्थळी बाई होत्या. बारीक अंगाच्या, मऊ आवाजाच्या. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "हरलेला किडा हरलेलाच राहतो, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

मला उत्तर येत होतं की नव्हतं, हे आजही सांगता येणार नाही. माझ्या तोंडाला कोरड पडली. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. पंखा फिरत राहिला. शेवटी बाईच म्हणाल्या, "बसा. दिवाळीआधी पुन्हा या." पुन्हा तसंच झालं तर माझी नोंदणी रद्द होणार होती. अण्णांनी कारखान्याच्या शाळेत माझ्यासाठी जागा बघून ठेवली. "ते पण काय वाईट न्हाई," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पान लावत बसले. सुईचा विनोद त्यांनी त्यानंतर कुणाला सांगितला नाही.

मी बोलायचीच बंद झाले. भाजीवाल्याला मेथी बोटानं दाखवायची. काकूंनी माझी थट्टा करायचा विडा उचलला होता आणि सर तर जन्मजात थट्टेखोर. दोघांच्या तावडीत मी सापडले होते आणि संध्याकाळी माझ्या भाड्याच्या खोलीवर जायला मन होत नव्हतं, हेही खरं.

आमचा प्रयोग काय होता, ते सरांच्याच भाषेत सांगते, कारण मला तो त्याच भाषेत कळला. रातकिड्याच्या शेपटीकडे दोन टोकं असतात, त्यांवर बारीक केस. हवेची झुळूक आली की केस हलतात आणि तिथली चेतापेशी पुढच्या चेतापेशीला निरोप देते: कुणीतरी आलंय. आम्ही त्या पुढच्या पेशीजवळ केसाएवढी तार टेकवायचो आणि निरोप पोचला की जुन्या रेडिओच्या कर्ण्यातून टक्‌ टक्‌ असा आवाज यायचा. सरांचं म्हणणं असं, की हरलेल्या किड्यात हा निरोप पोचतो, पण मरगळलेला पोचतो. त्यावर ऑक्टोपामिन नावाच्या द्रव्याचा एक थेंब टाकला की तोच निरोप खणखणीत पोचायला हवा.

"म्हणजे ते द्रव्य निरोप नेतं का?" मी सुरुवातीला विचारलं होतं. तेव्हा मी अजून प्रश्न विचारत असे.

"नाही. तिथंच तर गंमत आहे." सर वर्तमानपत्र गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "हिचंच उदाहरण घ्या, इंगवले. ही रोज सकाळी स्वयंपाकघरातून म्हणते, अहो, दळण आणा. शब्द माझ्या कानापर्यंत येतात आणि तिथंच बसकण मारतात. पण हिचा दादा मिरजेहून आलेला असला, की तेच शब्द, तोच आवाज, आणि मी पेपर टाकून पिठाच्या गिरणीच्या वाटेला. बोलणारी तीच, ऐकणारा तोच. मग फरक कशानं पडला?"

"दादानं," काकू आतून म्हणाल्या.

"बरोबर. तर ऑक्टोपामिन म्हणजे हिचा दादा. तो मला एका शब्दानं काही सांगत नाही. नुसता घरात असतो. पण तो असला की हिचं म्हणणं मला नीट ऐकू येतं."

"तो नसताना मग मी काय करायचं?" काकूंनी विचारलं.

"एक थेंब शोधायचा."

तर असा हा दादा आमच्याकडे परदेशातून यायचा आणि काकूंच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी राहायचा. अडचण एवढीच होती, की प्रयोगात त्याचं काही काम उरत नव्हतं.

सकाळी न्हाणीत झुंज लावायची, हरलेल्यांवर लाल ठिपका द्यायचा, ते छोट्या डब्यांत घालून सरांच्या मोपेडच्या पुढच्या जाळीत ठेवायचे आणि सरांनी ते कॉलेजात न्यायचे, हा रिवाज होता. मी कालव्याच्या कडेच्या पायवाटेनं चालत पोचायची. मोपेड तिथून जात नसे, म्हणून सर जकात नाक्याकडून यायचे. दोघं पोचलो की तार टेकवायची, रबरी फुगा दाबून झुळूक सोडायची आणि कर्ण्याला कान लावायचा. हरलेल्या किड्याकडून हळू टकटक यायला हवी होती. यायची ती कुणीतरी दार ठोठावतंय अशी. मग थेंब टाकायचा. दार तसंच ठोठावलं जायचं.

"दादा आधीच येऊन बसलाय," सर म्हणायचे. "पण बोलावला कुणी?"

आम्ही मीठपाणी बदललं. तार बदलली. किडे बदलले. काकूंनी गाजर बंद करून काकडी दिली. पावसाळा सरला तरी लाल ठिपकेवाले बहाद्दर प्रयोगशाळेत पोचले, की जिंकल्यासारखे वागायचे. एकदा सरांनी दोन हरलेले एकत्र सोडले तर दोघं एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

"लिहा, इंगवले," सर म्हणाले. "आमच्या तालुक्यात हरायची पद्धत नाही."

मला हसू आलं नाही. समिती पंधरवड्यावर आली होती आणि देवस्थळी बाईंचा प्रश्न माझ्यासमोर टेबलावर बसून टकटक करत होता. हरलेला किडा हरलेलाच राहतो हे कशावरून? बाई, आमचा तर राहतच नाही. म्हणजे मुळात माझं म्हणणंच खोटं. मी त्या दुपारी सरांना सांगितलं, की मी शाळेची नोकरी धरते.

सर थट्टा करतील असं वाटलं होतं. पण ते न हसता म्हणाले, "शाळेतली पोरं तुम्हाला मेथी बोटानं दाखवू देणार नाहीत." मग म्हणाले, "आठवडाभर थांबा. मग मी स्वतः तुमच्या अण्णांकडे येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोपेड पंक्चर निघाली. सर टायर बघत बसले आणि डबे मी उचलले. कालव्याच्या कडेनं, हातात धरून, हळूहळू. हरलेल्यांची मिरवणूकच होती ती, मला धरून.

प्रयोगशाळेत तार टेकवली, फुगा दाबला. कर्ण्यातून इतका क्षीण आवाज आला की मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा दाबला. टक्‌. लांबून कुणीतरी भीत भीत बोलावल्यासारखा. मी थेंब टाकला आणि वाट बघितली. मग फुगा दाबला, आणि कर्णा असा खणखणला की मी खुर्ची मागे सरकवली.

सर घामाघूम होऊन चालत आले तेव्हा माझा चौथा किडा चालू होता. त्यांनी ऐकलं. मी आनंदानं त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांचं तोंड मात्र आंबट झालं.

"काल का नाही?" ते म्हणाले.

"आज झालं ना, सर."

"आज का झालं, हे कळल्याशिवाय झालं म्हणायचं नाही. काय वेगळं केलंत?"

"काहीच नाही. हे डबे चालत आणले."

आम्ही दोघांनी एकाच वेळी खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेर मोपेड लावायची जागा रिकामी होती. जकात नाक्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंतचा रस्ता गेल्या वर्षी पाण्याच्या पाइपासाठी उकरला होता आणि नंतर तो बुजवायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्या रस्त्यावर मोपेड चालत नसे, उड्या मारत असे. जाळीतले डबे तिच्यापेक्षा उंच उडायचे.

"पायाखालची जमीन सुटली," सर हळूच म्हणाले, "की किड्याला वाटतं आपण उडालो. आणि उडणाऱ्याला भीती बाळगून भागत नाही. सगळं अंग जागं व्हावं लागतं." ते स्टुलावर बसले. "इंगवले, त्याच्या अंगातलाच दादा जागा होत होता. वाटेत. रोज. आणि इतके महिने आपण मीठपाणी बदलत बसलो."

पुढचा आठवडा आम्ही वेड लागल्यासारखं काम केलं. निम्मे हरलेले माझ्याबरोबर कालव्यावरून चालत, निम्मे सरांबरोबर खड्ड्यांतून. कोणता डबा कुठून आला हे माझ्यापासून लपवायचं काम काकूंचं. त्या प्रयोगशाळेत येऊन डब्यांची अदलाबदल करायच्या आणि विणकाम करत निर्विकार चेहऱ्यानं बसायच्या. मी कर्णा ऐकून सांगायची, हा चालत आलाय, हा गाडीवरून. माझं क्वचितच चुकलं. चालत आलेल्यांना थेंबाची गरज होती. गाडीवरून आलेल्यांना नव्हती.

"नगरपालिकेचे आभार मानायला हवेत प्रबंधात," सर म्हणाले.

"आधी टायरचे माना," काकू म्हणाल्या.

तक्ते तयार झाले. उत्तर हातात होतं. पण उत्तर हातात असणं आणि ते तोंडातून बाहेर पडणं यात किती अंतर असतं, ते मला ठाऊक होतं. समितीच्या सकाळी मी साडी नेसून सरांच्या घरी तक्ते घ्यायला गेले. काकूंनी तळहातावर दही ठेवलं. मी ते चाटलं, पण गिळता येईना.

"तोंड कोरडं पडलंय, काकू."

"पडू दे. हात इकडे कर." त्यांनी माझा उजवा हात धरला आणि पहिल्या बोटाच्या नखावर लाल नेलपॉलिश लावलं.

"हे काय?"

"नटून जावं बाईमाणसानं."

"एकाच नखाला?"

"बाकीची वाळायला वेळ आहे का तुझ्याकडे? जा."

मी पायवाटेकडे वळले तर फाटकात सर मोपेडवर बसलेले. "बसा मागे."

"मी चालत जाते, सर. तेवढंच मनात सगळं घोळवता येईल."

"घोळवून घोळवून त्याचं पिठलं झालंय. बसा."

"अहो," काकू दारातून म्हणाल्या, "जपून नेऊ नका हो तिला."

माझ्या कानावर ते पडलं, पण आत पोचलं नाही. मी तक्त्यांची गुंडाळी छातीशी धरून बसले. जकात नाका ओलांडला आणि सरांनी गाडी अशी पिटाळली, की पहिल्या खड्ड्यात माझा अंबाडा सुटला. दुसऱ्यात चप्पल निसटता निसटता राहिली. मला वाटलं, सरांना आज दिसत नाहीये. तिसरा खड्डा सहज चुकवता आला असता, पण सरांनी हँडल मुद्दाम त्याच्याकडे वळवलं. आम्ही दोघं, मोपेड आणि तक्ते, सगळेच्या सगळे जमिनीपासून सुटलो. परत टेकलो तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं, ते मी कुणाही वडीलधाऱ्या माणसाला त्याआधी म्हटलं नव्हतं.

"सर, तुम्हाला डोळे आहेत का?"

"काय म्हणालात? ऐकू आलं नाही."

"डोळे आहेत का म्हटलं! साडी फाटली असती माझी. हळू चालवा, नाहीतर मला इथंच उतरवा."

"आता आलं ऐकू," सर म्हणाले आणि चौथ्या खड्ड्यात घातली.

फाटकात उतरले तेव्हा माझे केस पिंजारले होते, पदर कुठच्या कुठे गेला होता आणि मी इतकी चिडले होते की सरांची वाट न बघता सरळ समितीच्या खोलीत शिरले. तक्ते लावले. समोर तेच तिघं. वर तोच पंखा.

देवस्थळी बाईंनी चष्मा पुसला. "सुरुवात करण्याआधी एक विचारते. मागच्या खेपेचा माझा प्रश्न शिल्लक आहे. हरलेला किडा हरलेलाच राहतो, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

मी हात टेबलावर टेकला. पंख्याकडे बघायला मान वर करणार, तेवढ्यात मला माझं नख दिसलं. लाल. पाठीवर द्यायचा ठिपका, नखावर दिलेला. आणि मग सगळं एका दमात उलगडलं: काकूंचं दारातलं वाक्य, सरांचं वळलेलं हँडल, तो चौथा खड्डा. त्या दोघांनी मला डब्यात घालून आणलं होतं. मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. छाती धडधडत होती, पण घशाला कोरड नव्हती. कुणीतरी आपल्यासाठी एवढा खटाटोप करतं, हे मला त्या क्षणी कळलं, भर समितीपुढे.

"राहत नाही, बाई," मी म्हणाले.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "राहत नाही?"

"मागच्या वेळी मी राहतो असं धरून चालले होते. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. हरलेला किडा गुपचूप, जपून आणला तर हरलेला राहतो. पण वाटेत त्याच्या पायाखालची जमीन सुटली तर राहत नाही. हा तक्ता बघा."

मग मी जे बोलायला लागले ते थांबेचना. मी खड्डे सांगितले, कालवा सांगितला, दळण आणि मिरजेचा दादाही सांगितला. "हे लक्षात कसं आलं?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा "पंक्चरमुळे" म्हणाले आणि तिघंही हसले. शेवटी मागाहून येऊन बसलेल्या सरांना घड्याळ दाखवावं लागलं. बाई उठता उठता म्हणाल्या, "काम पुढे चालू द्या. मात्र पुढच्या वेळी जरा कमी बोला."

बाहेर आल्यावर मी सरांसमोर उभी राहिले. नख पुढे केलं.

सर नखाकडे बघून म्हणाले, "काही सिद्ध होत नाही, इंगवले. तुलनेला दुसरी एक इंगवले हवी होती, कालव्यावरून चालत आलेली. एकाच किड्यावरून अनुमान काढायचं नसतं."

"तरी पण, सर."

"तरी पण," सर म्हणाले. मग ते मोपेडला किक मारायला लागले.

घरी काकू ओसरीवर बाटली घेऊनच बसल्या होत्या. त्यांनी निकाल विचारला नाही. माझं तोंड बघितलं, हात ओढून घेतला आणि लाल नखावर मोतिया रंगाचा थर दिला. तो वाळेपर्यंत त्यांनी मला हात हलवू दिला नाही. सर आत पेपर वाचत बसले होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "दळण आणा."

सर आले आणि डबा घेऊन गेले. मिरजेहून त्या दिवशी कुणीही आलेलं नव्हतं.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी त्याच कॉलेजात शिकवते. सर गेले तेव्हा काकूंनी मला बोलावून विचारलं, "यांच्या वस्तूंतलं तुला काय हवं? पुस्तकं घे, सूक्ष्मदर्शक घे." मी मोपेड मागितली. काकूंनी कशाला म्हणून विचारलं नाही, किल्ली आणून दिली आणि पदरानं सीट पुसली.

गाडी अजून चालते. नाक्याचा रस्ता मात्र दरम्यान गुळगुळीत झाला, त्यामुळे मला कारखान्यामागच्या बैलगाडीच्या वाटेनं वळसा घालावा लागतो. गेल्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीची समिती होती. आधीच्या खेपेला ती पोरगी बोलता बोलता गप्प झाली होती. तिला मागे बसवून मी त्या वाटेला लागले. तिसऱ्या खड्ड्यात गाडी उसळली तशी ती माझ्या कानात ओरडली, "मॅडम, तुम्हाला डोळे आहेत का?"

ऐकू आलं नाही म्हटलं, आणि पुढचा खड्डा शोधला.